नजरेपलीकडचा वेध : ‘अस्त्र’ क्षेपणास्त्राचे गणित आणि मोल

धुळे-सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगर सोडून बीडच्या दिशेने निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरवर पाचोड लागते. पैठण तालुक्यातील हे गाव मराठवाड्याला परिचित आहे ते मोसंबीच्या बाजारासाठी. लढाऊ विमानांशी या गावाचा काही संबंध नाही. तरीही आधुनिक हवाई युद्धातील अंतरे नेमकी किती असतात, हे समजून घेण्यासाठी पाचोडचा नकाशा उपयोगी पडतो. येथून सरळ रेषेत अहिल्यानगर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पाचोडच्या आकाशात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर एक लढाऊ विमान आहे आणि त्याच उंचीवर अहिल्यानगरच्या आकाशातून दुसरे विमान त्याच्या रोखाने येत आहे, अशी कल्पना केली, तर दोघाही वैमानिकांना एकमेकांचे विमान दिसण्याची सुतराम शक्यता नाही. परंतु पहिल्या वैमानिकाने कळ दाबली, की पुढच्या सव्वा-दीड मिनिटात दुसऱ्याच्या जीवनमरणाचा निर्णय होऊ शकतो.

हा निर्णय करणाऱ्या शस्त्राला ‘दृष्टिपल्ल्यापलीकडील हवेतून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र’ असे लांबलचक नाव आहे. जगातील मोजक्याच देशांना ते स्वबळावर बनविता येते. ‘अस्त्र’ या क्षेपणास्त्राच्या रूपाने भारत त्या देशांच्या पंक्तीत जाऊन बसला. मात्र ही पंगत गाठण्यास दोन दशके लागली, आणि या काळात परकीय शस्त्रांवर विसंबून राहण्याची किंमत काय असते, याचा अनुभवही देशाला आला.

तोफेकडून क्षेपणास्त्राकडे

दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमानांची झुंज म्हणजे काही शे मीटरवरून झाडलेल्या मशीनगन आणि तोफांची झुंज होती. शत्रूच्या शेपटीमागे जाऊन बसणे, हेच वैमानिकाचे मुख्य कसब. २४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सामुद्रधुनीवर हे चित्र बदलले. तैवानच्या सेबर विमानांनी अमेरिकी बनावटीच्या ‘साइडवाइंडर’ क्षेपणास्त्रांनी चीनची मिग-१७ विमाने पाडली. नियंत्रित क्षेपणास्त्राने हवाई झुंजीत मिळविलेले हे पहिले यश. त्या चकमकीत एक साइडवाइंडर न फुटताच मिग विमानात रुतून बसले, ते सोव्हिएत संघाच्या हाती लागले आणि त्याचाच अभ्यास करून ‘के-१३’ हे क्षेपणास्त्र तयार झाले. पुढे मिग-२१ विमानांबरोबर हेच के-१३ भारतीय हवाई दलात दाखल झाले.

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या काही सेबर विमानांकडे साइडवाइंडर होते, तर त्यांच्याशी झुंजणाऱ्या भारताच्या चिमुकल्या नॅट विमानांकडे केवळ तोफा होत्या. नॅटच्या वैमानिकांनी चपळाईच्या बळावर ही उणीव भरून काढली, हा इतिहास आहे. परंतु चपळाई हा शस्त्राला कायमचा पर्याय होऊ शकत नाही, हा धडाही त्याच इतिहासात आहे. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या सीमेवर भारताच्या मिग-२१ विमानाने पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक हे टेहळणी विमान पाडले, ते ‘आर-६०’ या रशियन क्षेपणास्त्राने.

ही सारी क्षेपणास्त्रे जवळच्या पल्ल्याची आणि उष्णतेचा माग काढणारी. इंजिनाची ऊब हीच त्यांची खूण. १९९१ मध्ये अमेरिकेने ‘अ‍ॅमराम’ सेवेत आणले आणि नवे पर्व सुरू झाले. या क्षेपणास्त्राच्या नाकात स्वतःचे छोटे रडार होते. त्यामुळे ते डागल्यानंतर अखेरच्या टप्प्यात लक्ष्याचा शोध स्वतःच घेऊ लागले. रशियाचे ‘आर-७७’, फ्रान्सचे ‘मिका’, इस्रायलचे ‘डर्बी’, युरोपीय देशांचे ‘मीटिऑर’ ही त्याच वाटेवरची पुढची नावे. यातील शेवटची चारही भारतीय हवाई दलाने वेगवेगळ्या विमानांसाठी विकत घेतली.

फेकायचे ते अस्त्र

हातात धरून चालवायचे ते शस्त्र आणि शत्रूवर सोडायचे ते अस्त्र, असा भेद आपल्या परंपरेत सांगितला जातो. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, या क्षेपणास्त्राला ‘अस्त्र’ हे नाव दिले, ते या अर्थाने समर्पक आहे. क्षेपणास्त्राची लांबी सुमारे ३.८ मीटर, व्यास १७८ मिलिमीटर आणि वजन सुमारे १५४ किलो आहे. म्हणजे जाडी साध्या घागरीहून कमी आणि भार धान्याच्या तीन पोत्यांएवढा. त्यात स्फोटकाग्राचा वाटा केवळ १५ किलोंच्या आसपास. उरलेल्या वजनात रॉकेट मोटार, शोधक रडार, दिशादर्शनाची साधने, विजेचे घट आणि पंख हलविणारी यंत्रणा बसविलेली असते. कमाल वेग ध्वनीच्या साडेचार पट, आणि समोरून येणाऱ्या लक्ष्यावरील पल्ला शंभर किलोमीटरच्या पुढे सांगितला जातो.

यातील इंधन धूरविरहित आहे. मोटारीतून पांढऱ्या धुराची शेपटी निघाली, तर क्षेपणास्त्र कोठून सुटले आणि कोठे चालले आहे, हे शत्रूला डोळ्यांनीच कळेल. धूर न करणारे आणि तरीही पुरेसा जोर देणारे घन इंधन बनविणे ही त्यामुळे या शस्त्रातील एक महत्त्वाची विद्या ठरते.

वेध कसा घेतला जातो?

क्षेपणास्त्राच्या प्रवासाचे ढोबळमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात विमानाचे शक्तिशाली रडार लक्ष्य शोधते. लक्ष्याचे अंतर, दिशा, उंची आणि वेग ही माहिती क्षेपणास्त्राच्या संगणकात भरली जाते आणि मग ते विमानापासून वेगळे होते.

दुसरा टप्पा सर्वांत लांबचा. या काळात क्षेपणास्त्र आपल्या नाकातील रडार सुरूच करीत नाही. ते चालते ते जडत्वीय दिशादर्शनाच्या आधारे. आपण किती वेगाने, कोणत्या दिशेने आणि किती वळून आलो, याचा हिशेब आतील संवेदक क्षणाक्षणाला ठेवतात. दरम्यान लक्ष्य स्वस्थ बसलेले नसते. ते वळले, तर मूळ विमान आपल्या रडारवरून ते टिपते आणि रेडिओ दुव्याने नवी माहिती क्षेपणास्त्राला कळविते. वाटेत असलेल्या टपालाचा पत्ता बदलावा, तसा हा प्रकार.

अखेरच्या टप्प्यात क्षेपणास्त्राचे स्वतःचे रडार जागे होते. १७८ मिलिमीटर व्यासाच्या नाकात मावणाऱ्या या रडारची नजर विमानाच्या रडारच्या मानाने बरीच आखूड असते. म्हणूनच त्याला लक्ष्याच्या पुरेसे जवळ नेऊन सोडणे, हे दुसऱ्या टप्प्याचे काम. एकदा का या शोधकाने लक्ष्य पकडले, की मूळ विमानाला तेथून निघून जाण्याची मुभा मिळते. यालाच ‘डागा आणि विसरा’ असे म्हटले जाते.

लक्ष्यापर्यंत पोचण्याचा क्षेपणास्त्राचा मार्ग मोठा सोपा, पण चतुर आहे. ते लक्ष्याच्या मागे धावत नाही. लक्ष्य जेथे पोचणार आहे, तेथे जाते. चौकाकडे दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी दोन वाहने येत असतील आणि एका चालकाला दुसरे वाहन सतत एकाच कोनात दिसत राहिले, तर दोन्ही वाहनांची टक्कर अटळ असते. दुसरे वाहन त्याच्या नजरेत पुढे किंवा मागे सरकू लागले, तरच ती टळते. समुद्रावरील नाविकांना हा नियम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नाविक टक्कर टाळण्यासाठी त्याचा उपयोग करतात, क्षेपणास्त्र ती घडवून आणण्यासाठी. लक्ष्याचा कोन बदलू लागला, की ते त्या प्रमाणात वळते आणि कोन पुन्हा स्थिर करते.

प्रत्यक्ष धडक मात्र क्वचितच अपेक्षित असते. दोघांचा एकमेकांकडे येण्याचा वेग सेकंदाला दीड किलोमीटर धरला, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात हे अंतर दीड मीटरने घटते. अशा वेळी क्षेपणास्त्रातील सान्निध्य-फ्यूज लक्ष्य जवळ आल्याचे रेडिओ लहरींनी ओळखतो आणि नेमक्या क्षणी स्फोट घडवितो. स्फोटातून सुटणाऱ्या धातूच्या तुकड्यांचा मारा विमान निकामी करण्यास पुरेसा ठरतो.

पल्ल्याचे फसवे आकडे

क्षेपणास्त्रांच्या बातम्यांत पल्ल्याचा एकच ठळक आकडा दिला जातो. प्रत्यक्षात असा एकच आकडा नसतो. घन इंधनाची मोटार काही सेकंदच जळते. त्या काळात मिळालेल्या वेगाच्या पुंजीवर क्षेपणास्त्राला उरलेला सारा प्रवास करावा लागतो. हवेचा रोध ही पुंजी सतत खात असतो आणि प्रत्येक वळण त्यात भर घालते. अकरा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम तीस टक्के असते. त्यामुळे उंचावरून सोडलेले क्षेपणास्त्र दूर जाते आणि तेच कमी उंचीवरून सोडले, तर त्याचा पल्ला बराच घटतो.

लक्ष्याच्या दिशेनेही पल्ला बदलतो. समजा, एखादे क्षेपणास्त्र सेकंदाला सरासरी एक किलोमीटर वेगाने ८० सेकंद उपयुक्त उड्डाण करू शकते, म्हणजे हवेत ८० किलोमीटर जाऊ शकते. शत्रूचे विमान सेकंदाला ३०० मीटर वेगाने उडत आहे. ते समोरून येत असेल, तर ८० सेकंदांत ते स्वतःच २४ किलोमीटर जवळ येईल. म्हणजे ते १०४ किलोमीटरवर असतानाच क्षेपणास्त्र सोडता येते. तेच विमान पळून जात असेल, तर मात्र ८० मधून २४ वजा होतात आणि पल्ला उरतो ५६ किलोमीटर. पाचोडच्या आकाशातील वैमानिकाला समोरून येणारे विमान अहिल्यानगरवर असतानाच मारता येईल. पाठ फिरवून पळणारे विमान मात्र छत्रपती संभाजीनगरच्या जरा पलीकडे गेले, की हातचे सुटेल. शस्त्र तेच, वैमानिक तोच. पल्ला मात्र जवळजवळ निम्मा.

यातूनच हवाई युद्धातील कळीची कल्पना पुढे येते. ज्या अंतराच्या आत लक्ष्याने काहीही केले, अगदी तत्काळ मागे वळून पूर्ण वेगाने पळ काढला, तरी त्याची सुटका नाही, त्या क्षेत्राला ‘निसटण्यास वाव नसलेले क्षेत्र’ म्हणतात. वैमानिकाच्या दृष्टीने खरा पल्ला हाच. जाहिरातीतील आकड्यापेक्षा तो नेहमीच बराच कमी असतो.

शत्रूही हातावर हात धरून बसत नाही. आपल्यावर रडार रोखले गेल्याचे इशारा-यंत्रणेतून समजले, की तो धातूच्या वर्खाचे बारीक तुकडे हवेत सोडतो, रडार लहरींत गोंधळ माजविणारी उपकरणे चालू करतो किंवा रडारच्या रेषेला काटकोनात वळतो. काटकोनात उडणारे विमान रडारच्या जवळही येत नाही आणि लांबही जात नाही. त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी जमिनीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीत मिसळून जाण्याची शक्यता वाढते. अशा फसवणुकीतून खरे लक्ष्य निवडण्याची बुद्धी शोधकात आणि त्याच्या संगणकीय प्रणालीत असावी लागते. क्षेपणास्त्राचे खरे गुपित असते ते येथे. विकत घेतलेल्या क्षेपणास्त्राबरोबर हे गुपित सहसा मिळत नाही.

मित्र की शत्रू?

नजरेपलीकडून वेध घेण्याचा एक धोका तंत्रज्ञानाच्या कौतुकात अनेकदा झाकला जातो. जे दिसत नाही, ते कोणाचे आहे हे कसे ठरवायचे? विमानांत ‘मित्र की शत्रू’ हे सांगणारी प्रश्नोत्तराची यंत्रणा असते. एक विमान सांकेतिक प्रश्न पाठवते आणि दुसऱ्याने बिनचूक उत्तर दिले, तर ते आपले. परंतु उत्तर आले नाही, याचा अर्थ ते शत्रूचेच आहे, असा होत नाही.

२७ फेब्रुवारी २०१९ हा दिवस या संदर्भात विसरता येणार नाही. बालाकोटवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी विमाने जम्मू-काश्मीरच्या सीमेवर आली आणि आकाशात झुंज सुरू झाली. त्याच सकाळी बडगामजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. त्यातील सहा हवाई योद्धे आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलेल्या आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, हे चौकशीतून निष्पन्न झाले. ही मोठी चूक होती, अशी कबुली तत्कालीन हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये दिली. ते क्षेपणास्त्र जमिनीवरून हवेत मारा करणारे होते, हे खरे. पण प्रश्न तोच आहे. पल्ला जितका वाढतो, तितकी ओळख पटविण्याची जबाबदारीही वाढते. शंभर किलोमीटरवरचा ठिपका टिपणारे शस्त्र बनविणे पुरेसे नाही. तो ठिपका कोणाचा, हे निःशंकपणे सांगणारी साखळीही तितकीच भक्कम असावी लागते.

परावलंबनाची किंमत

त्याच दिवशीच्या झुंजीने आणखी एक गोष्ट पुढे आणली. भारताच्या सैन्यदलांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे अ‍ॅमराम क्षेपणास्त्राचे भग्न अवशेष मांडले. पाकिस्तानने एफ-१६ विमाने वापरल्याचा तो पुरावा होता, असे भारताने सांगितले. पाकिस्तानने २००६ च्या सुमारास अमेरिकेकडे अ‍ॅमरामच्या ‘सी-५’ या प्रकाराच्या पाचशे क्षेपणास्त्रांची मागणी नोंदविली होती. भारतीय सुखोई विमानांकडे तेव्हा रशियन आर-७७ होते आणि पल्ल्याच्या बाबतीत प्रतिपक्षाचे पारडे जड असल्याची चर्चा संरक्षण वर्तुळात उघडपणे झाली. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे मिग-२१ त्या दिवशी पडले आणि १ मार्च रोजी ते मायदेशी परतले, ही हकीकत घराघरांत पोचली. पण शस्त्रांच्या पल्ल्याचा मुद्दा मात्र वृत्तवाहिन्यांच्या गदारोळात मागे पडला.

परकीय क्षेपणास्त्राच्या खरेदीत पैशाखेरीज आणखीही अडचणी असतात. एका देशाचे क्षेपणास्त्र दुसऱ्या देशाच्या विमानावर बसवायचे, तर दोघांच्याही उत्पादकांची संमती आणि संगणकीय प्रणालींची देवाणघेवाण लागते. ती मिळेलच, याची शाश्वती नसते. ठरावीक वर्षांनी क्षेपणास्त्राचे आयुष्य संपते, ते वाढविण्यासाठी पुन्हा मूळ उत्पादकाकडे जावे लागते. युद्ध लांबले आणि साठा आटला, तर नव्या मालासाठी दुसऱ्या देशाच्या राजकारणावर अवलंबून राहावे लागते. हवाई दलाकडे रशियन, फ्रेंच, इस्रायली आणि युरोपीय अशी वेगवेगळी क्षेपणास्त्रे असणे हे वैभवाचे लक्षण वाटले, तरी ती साठवणुकीची आणि देखभालीची मोठी डोकेदुखीही असते.

दोन दशकांची वाटचाल

‘अस्त्र’ची पहिली चाचणी मे २००३ मध्ये ओडिशातील चांदीपूर येथे जमिनीवरून झाली. मार्च २००४ मध्ये प्रकल्पाला ९५५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. हैदराबाद येथील संरक्षण संशोधन आणि विकास प्रयोगशाळेकडे त्याचे नेतृत्व होते. सुरुवातीच्या आराखड्यात नियंत्रणाच्या अडचणी आढळल्या आणि तो बदलावा लागला. जमिनीवरून सरळ उडणारे रॉकेट आणि वेगवान विमानाच्या पंखाखालून सुटून अचूक वळणे घेणारे क्षेपणास्त्र यांत किती अंतर आहे, हे त्या वर्षांत उमगले.

४ मे २०१४ रोजी सुखोई-३० एमकेआय विमानातून ‘अस्त्र’ प्रथमच हवेत डागले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये बंगालच्या उपसागरावर विकासाच्या अखेरच्या चाचण्या झाल्या, त्यांत वैमानिकरहित लक्ष्यांचा वेध घेण्यात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये हवाई दलाने सलग चाचण्या घेतल्या आणि ३१ मे २०२२ रोजी संरक्षण मंत्रालयाने हवाई दल व नौदलासाठी भारत डायनॅमिक्स कंपनीशी २,९७१ कोटी रुपयांचा करार केला. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीच्या हैदराबाद येथील कारखान्यातून क्षेपणास्त्रांची खेप रवाना झाली. पहिल्या चाचणीपासून पुरवठ्यापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

हा काळ अधिक वाटणे स्वाभाविक आहे आणि दिरंगाईवर टीका झालीही. परंतु सर्वांत अवघड भाग असलेला शोधक सुरुवातीच्या काळात रशियाकडून घ्यावा लागत होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. ११ जुलै २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यालगत सुखोई विमानातून दोन ‘अस्त्र’ क्षेपणास्त्रे डागण्यात आली, त्यांत डीआरडीओने स्वतः विकसित केलेला शोधक बसविलेला होता. वेगवान मानवरहित लक्ष्यांचा वेध या क्षेपणास्त्रांनी अचूक घेतला. देशी क्षेपणास्त्राच्या नाकातील डोळाही देशी झाला, हे त्या चाचणीचे महत्त्व.

पुणे, ओझर आणि गोवा

या कहाणीत महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. सुखोई-३० एमकेआय विमान हवाई दलात रुजू झाले, ते २७ सप्टेंबर २००२ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘अस्त्र’ पंखाखाली बांधून सुखोईची उड्डाणे झाली, तीही पुण्याजवळील हवाई तळावरूनच. क्षेपणास्त्र न डागता केवळ वाहून नेण्याच्या या चाचण्यांतून विमानाची थरथर, वळणांचा ताण आणि दोन्ही संगणकांचा संवाद तपासला जातो.

ज्या विमानावर ‘अस्त्र’ सर्वप्रथम बसले, त्या सुखोईचे उत्पादन नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात झाले. एकेकाळी मिग-२१ घडविणाऱ्या या कारखान्यातून दोनशेहून अधिक सुखोई विमाने बाहेर पडली. आणखी बारा विमानांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये करार झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझर येथून पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. तेजससाठीही ‘अस्त्र’ आहेच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर सुमारे वीस हजार फूट उंचीवरून तेजसने ते प्रथम डागले. नौदलाची मिग-२९ के विमानेही या क्षेपणास्त्राने सज्ज करण्याची योजना आहे.

इंधनाच्या विद्येत पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचे नाव घ्यावे लागते. स्फोटके आणि रॉकेट इंधन हाच या प्रयोगशाळेचा विषय. ‘अस्त्र’च्या पुढच्या पिढीसाठी जे नवे इंजिन विकसित होत आहे, त्यात हैदराबादच्या प्रयोगशाळांबरोबर पुण्याच्या या प्रयोगशाळेचा सहभाग आहे.

पुढची पायरी

पुढच्या पिढीची गरज का आहे, याचे उत्तर मे २०२५ मध्ये मिळाले. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात पंजाबमधील होशियारपूर जिल्ह्यात चिनी बनावटीच्या ‘पीएल-१५’ क्षेपणास्त्राचे अवशेष सापडले. पाकिस्तानने ते वापरले होते. निर्यातीसाठीच्या या प्रकाराचा पल्ला १४५ किलोमीटर असल्याचे चीन सांगतो. म्हणजे स्पर्धा शंभर किलोमीटरवर थांबलेली नाही.

‘अस्त्र मार्क-२’ हे या आव्हानाचे पहिले उत्तर. त्यात मोटार दोन टप्प्यांत पेटते. पहिल्या ज्वलनाने क्षेपणास्त्र दूरवर जाते आणि लक्ष्य जवळ आले, की दुसरे ज्वलन त्याला नवा जोर देते. ज्या क्षणी साधे क्षेपणास्त्र दमलेले असते, त्याच क्षणी हे ताजेतवाने होते. पल्ल्याचे उद्दिष्ट दीडशे किलोमीटरच्या घरातले, म्हणजे पाचोडहून लातूरपर्यंतचे.

त्यापुढील ‘मार्क-३’ची कल्पना अधिक धाडसी आहे. नेहमीच्या घन इंधनात जळणाबरोबर प्राणवायू देणारे द्रव्यही मिसळलेले असते आणि वजनाचा मोठा हिस्सा तेच व्यापते. वातावरणात हवा फुकट उपलब्ध असताना हा भार का वाहायचा? रॅमजेट प्रकारच्या इंजिनात समोरून वेगाने आत येणारी हवा दाबली जाऊन ज्वलनासाठी वापरली जाते. त्यामुळे इंजिन काही सेकंदांऐवजी बराच काळ जळत राहते आणि क्षेपणास्त्र शेवटपर्यंत वेग टिकवून धरते. निसटण्यास वाव नसलेले क्षेत्र त्यामुळे अनेक पटींनी रुंदावते. युरोपचे मीटिऑर याच तत्त्वावर चालते. भारताने या इंजिनाची पहिली चाचणी मे २०१८ मध्ये केली आणि फेब्रुवारी २०१९, मार्च २०२१ व एप्रिल २०२२ मध्ये चांदीपूर येथे यशस्वी उड्डाण-चाचण्या घेतल्या. इंजिनाचे यश आणि सेवेत दाखल झालेले क्षेपणास्त्र यांत किती वर्षांचे अंतर असते, हे पहिल्या ‘अस्त्र’ने दाखवून दिले आहे.

पल्ला वाढला, की प्रश्न संपत नाहीत, ते बदलतात. दीडशे किलोमीटरवर मारा करायचा, तर तितक्या दूरचे पाहणारे रडार हवे, आकाशातून टेहळणी करणारी विमाने हवीत, त्यांच्यातील माहितीचे दुवे शत्रूला तोडता न येणारे हवेत आणि ओळख पटविण्यात चूक होता कामा नये. क्षेपणास्त्र हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे. तो देशी झाला, ही समाधानाची बाब खरीच. परंतु उरलेले दुवे तितकेच मजबूत असतील, तरच त्या समाधानाला अर्थ राहील.

१९६५ मध्ये नॅटच्या वैमानिकाने शत्रूकडे असलेल्या पण आपल्याकडे नसलेल्या शस्त्राची उणीव स्वतःच्या जिवावर उदार होऊन भरून काढली. पुढच्या पिढीच्या वैमानिकावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच प्रयोगशाळांतील आणि कारखान्यांतील या दोन दशकांचा खटाटोप आहे. पाचोडच्या बाजारात मोसंबीचे सौदे निर्वेधपणे चालू राहतात, त्यामागे कोठेतरी हा खटाटोपही असतो. दिसत नाही, इतकेच.